पंधराचे साडेसात

डाळिंबाच्या बागेत औषध फवारायला ट्रॅक्टरमागे ब्लोअर लावतात. त्याच्या तोंडाशी बसणारी पितळी नोझलं मी बनवतो. चिंचोळी एमआयडीसीत माझी छोटी शेड आहे, तिच्यात दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन. आधी वीस वर्षं यंत्रमागाचे सुटे भाग केले, मग माग कमी होत गेले आणि मी फवाऱ्यांकडे वळलो. त्यामुळे नोझल या वस्तूबद्दल मला कोणी काही शिकवावं असं मला वाटत नव्हतं. पाणी मोठ्या भोकातून आत येतं, भोक निमुळतं होत जातं, पाण्याला वेग येतो आणि शेवटच्या बारीक भोकातून ते बाहेर उडतं. यात न कळण्यासारखं काय आहे?

अशा वेळी शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची मुलगी माझ्याकडे ड्रॉइंग घेऊन आली. ती तिसऱ्या वर्षाला होती. कॉलेजची मुलं दरवर्षी माणसाच्या उंचीचं एक रॉकेट बनवून स्पर्धेला नेतात आणि त्या वर्षी रॉकेटच्या नोझलचं काम तिच्याकडे होतं. ती उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या गावातली, हॉस्टेलवर राहणारी. सुरुवातीला माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलायची आणि रंगात आली की आपल्या बोलीवर यायची.

मी चष्मा लावून ड्रॉइंग बघितलं आणि हसलो.

"काय मॅडम, कागद उलटा छापलाय का?"

"नाही काका, बरोबर आहे."

"आधी बारीक होतंय ते ठीक आहे. पण पुढे परत मोठं कशाला? कमावलेला वेग घालवायला?"

"वायू हाय हो तो, पाणी न्हाय."

तिने माझ्याच स्टुलावर बसून, माझ्याच पेन्सिलीने मला समजावलं. पाणी कितीही दाबा, तेवढंच राहतं. वायू दाबला की आक्रसतो आणि सोडला की फुगतो. रॉकेटच्या आत जळणाचा गरम वायू प्रचंड दाबाखाली असतो. नोझल अरुंद होत जातं तसा त्याचा वेग वाढतो. सगळ्यात अरुंद जागेला ती थ्रोट म्हणायची आणि मी गळा म्हणायचो. तिथे वायूला आवाजाचा वेग येतो, आणि तिथून पुढे सगळंच उलटं होतं. आणखी अरुंद केलं तर तो मंदावतो, रुंद केलं तर आणखी पळतो.

"असं कसं?"

"जागा जेवढी वाढते त्याच्याहून जास्त तो फुगतो, काका. एवढा फुगलेला वायू तेवढ्याच वेळात बाहेर काढायचा म्हटल्यावर त्याला पळावंच लागतं की."

मी मान हलवली. मला ते कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर आजही पुरतं कळलेलं नाही. मी ते वाक्य मनात म्हणतो, शब्द बरोबर येतात, आणि वाक्य संपलं की डोळ्यांसमोर माझं पितळी नोझल येतं आणि सगळं पुन्हा गढूळ होतं.

गळ्यानंतरचा जो पसरत जाणारा शंकू, तोच तिच्या कामाचा जीव होता. गेल्या वर्षीच्या मुलांनी तो आखूड ठेवला होता. त्यामुळे वायू पुरता फुगायच्या आत बाहेर पडत होता आणि उरलेला जोर बाहेरच्या हवेत फुकट जात होता, असं तिचं म्हणणं. तोंडाशी पोचेपर्यंत वायूचा दाब बाहेरच्या हवेएवढा उतरला पाहिजे. त्याहून खाली गेला तर बाहेरची हवा आत रेटते आणि वायू भिंत सोडतो. शंकू फार पसरट केला तर वायू बाजूला सांडतो, त्याचा रेटा वाया जातो. फार निमुळता केला तर तेवढ्या लांबीत तो फुगतच नाही. या सगळ्याचा हिशेब करून तिने कोन काढला होता: पंधरा अंश.

"आणि हा वायू शंकूच्या भिंतीवर रेटा देतो ना, तोच रॉकेटला पुढे ढकलतो. म्हणजे ही भिंत नुसती भिंत न्हाय. ती काम करते."

तिच्या सरांना आणि टीममधल्या मुलांना ते पटत नव्हतं. गेल्या वर्षीचं नोझल चाललं होतं, मग नवीन कशाला? शेवटी सरांनी तिला सांगितलं होतं की ग्रॅफाइटचा एकच दांडा मिळेल आणि जमिनीवर एकच चाचणी होईल. तू सांगतेस तेवढा रेट्याचा आकडा आला तर स्पर्धेला तुझं नोझल जाईल, नाही आला तर गेल्या वर्षीचंच बसवू. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

निघताना मी म्हणालो, "एक सांगू का, गळ्यापर्यंतच खरं काम असतं. पुढे नुसता भोंगा."

ती हसली. "काका, तुमी फक्त ड्रॉइंगपरमाणं करा की."

मीही हसलो. तिचं हसणं मला लागलं होतं का, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. कधी वाटतं लागलं होतं. कधी वाटतं, लागलं असं म्हणणं म्हणजे माझ्या चुकीला कारण शोधणं आहे.

ग्रॅफाइट कापताना काळी भुकटी उडते आणि नाकात, कानात, चहाच्या कपात सगळीकडे बसते. मी तोंडाला ओला रुमाल बांधून काम केलं. गळा दहा मिलिमीटरचा हवा होता आणि तो मी असा काढला की व्हर्निअर लावून मोजल्यावर माझा मलाच अभिमान वाटला. मग शंकू घ्यायला मशीन लावलं.

इथे आमच्या धंद्यातली एक सवय सांगायला हवी. लेथवर तिरका कट घ्यायचा असला की टूल ज्या पट्टीवर बसतं ती फिरवून कोनावर लावतात. माझ्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगमध्ये शंकूचा पूर्ण कोन लिहिलेला असतो, म्हणजे एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचा. पट्टी मात्र मध्यरेषेपासून लावायची, म्हणून लिहिलेल्या कोनाच्या निम्म्यावर. तीस लिहिलं असलं की हात पंधरावर जातो. इतकी वर्षं झाली, त्याच्यासाठी मी थांबून विचार करत नाही. तिच्या कागदावर पंधरा लिहिलं होतं. माझ्या हाताने त्याचे साडेसात केले.

तिने मुळातच निम्मा कोन लिहिला होता. मध्यरेषेपासून भिंतीपर्यंत बाण काढून दाखवला होता. मी आकडा वाचला आणि बाण बघितला नाही.

शंकू पुरा झाल्यावर मी तोंड मोजलं. कागदावर सव्वीस होतं, व्हर्निअरवर अठरा आलं. मी पुन्हा मोजलं. मग कागद उजेडात धरला आणि तेव्हा मला बाण दिसला.

जॉब, म्हणजे तो ग्रॅफाइटचा तुकडा, अजून लेथच्या चकमध्ये पकडलेलाच होता. पट्टी पंधरावर लावून आतून आणखी माल काढला असता तर शंकू बरोबर झाला असता, अर्ध्या तासाचं काम. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मग मी ते का केलं नाही? नवा कट गळ्याजवळ नेताना गळ्याला टूल लागलं असतं तर तो वाढला असता आणि सगळा दांडा वाया गेला असता, ही भीती होती. ब्लोअरच्या नोझलांची ऑर्डर थांबली होती, तेही होतं. पुढे नुसता भोंगा, हेही डोक्यात होतं. यातलं कुठलं कारण पहिलं आणि कुठलं नंतर चिकटवलेलं, ते मला आता सांगता येत नाही.

मी एवढंच केलं. तोंडाशी चार मिलिमीटर खोलीचा चॅम्फर मारला, म्हणजे कड तिरकी कापली, त्यामुळे अगदी बाहेरच्या कडेला माप सव्वीस आलं. आत शंकू तसाच बारीक राहिला. मग रिपोर्ट लिहिला. आमच्याकडे तपासणीचा रिपोर्ट पुष्कळदा ड्रॉइंगवरूनच उतरवून ठेवतात. गिऱ्हाइकाला कागद लागतो, जॉब बसला की तो कोणी वाचत नाही. मी कोनाच्या रकान्यात पंधरा लिहिलं.

ती न्यायला आली तेव्हा तिने स्वतःचं व्हर्निअर लावून गळा मोजला आणि तोंड मोजलं.

"एक नंबर काका! पण ही कड अशी का?"

"ग्रॅफाइटची कड पटकन तुटते. म्हणून मारली."

"बरं झालं की. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं."

तिने माझे आभार मानले आणि रुमालात गुंडाळून ते लहान बाळासारखं छातीशी धरून नेलं.

चाचणी कॉलेजमागच्या मोकळ्या रानात होती. मलाही बोलावलं होतं. रॉकेटची नळी लोखंडी चौकटीत आडवी घट्ट बांधलेली, भोवती वाळूची पोती, आणि आम्ही सगळे लांब भिंतीच्या आड. एक यंत्र आतला दाब मोजत होतं, दुसरं चौकटीवर पडणारा रेटा. तीन सेकंद आवाज झाला. इतका मोठा, की मला आधी काय झालं तेच कळलं नाही. पोरं ओरडायला लागली. मग लॅपटॉपवर आलेख आला आणि हळूहळू ओरडणं थांबलं.

दाब तिने सांगितला होता तेवढाच आला होता. रेटा कमी होता. शंभराच्या जागी चौऱ्याण्णव म्हणा. ऐकायला थोडाच वाटतो, पण लांब शंकूमुळे जेवढा फायदा होईल असं ती म्हणत होती, जवळपास तेवढाच तो कमी होता. म्हणजे नव्या नोझलने जुन्यापेक्षा काहीच जास्त दिलं नव्हतं.

सर भले माणूस आहेत. ते रागावले नाहीत. बोटांवर मोजत म्हणाले, "दाब बरोबर आहे, म्हणजे इंधन बरोबर आणि थ्रोटही बरोबर. राहिला शंकू. म्हणजे तुझा शंकूचा हिशेब कुठेतरी चुकलाय." मग माझ्याकडे वळले. "जॉब ड्रॉइंगप्रमाणेच आहे ना?"

"रिपोर्ट दिलाय सर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. ठरल्याप्रमाणे जुनं नोझल जायचं नक्की झालं. ती माझ्यासोबत गेटपर्यंत आली. डोळे कोरडे होते, पण चेहरा उतरलेला होता.

"काका, माफ करा. तुमची एवढी मेहनत वाया घालवली मी."

मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुतेक "असू दे" म्हणालो असेन. तिने माझी माफी मागितली आणि मी तिला "असू दे" म्हणालो.

पुढचे काही आठवडे ती टीमच्या बारीकसारीक कामांसाठी शेडवर येत राहिली. काम होईपर्यंत स्टुलावर बसून वहीत आकडे मांडायची. शंकूचं तेच गणित, पहिल्यापासून. एकदा तापमान बदलून, एकदा वायूचं वजन बदलून. चूक सापडत नव्हती आणि सापडत नाही म्हणून ती स्वतःलाच जास्त चुकीची समजायला लागली होती.

"मला हे जमत न्हाय बहुतेक," एकदा ती वहीतून मान वर न करता म्हणाली. "घरचे म्हणत्यात बँकेची परीक्षा दे. देऊन टाकावी."

"एका चाचणीने काय होतंय?"

"एकाच चाचणीचं न्हाय काका. मला आकड्यावर लई भरवसा होता. आता कुठलाच आकडा लिहिला की वाटतं, हा पण खोटा असंल."

माझ्या मागे लेथ चालू होता. मी तो बंदही केला नाही.

त्या दिवसांत मी एक विचित्र गोष्ट केली. नोझलचं शास्त्र शिकायला लागलो. मोबाईलवर व्हिडिओ बघितले, रंगीत चित्रं बघितली, त्यात निळा वायू लाल होत जायचा. माझा हेतू चांगला नव्हता. शंकूने खरोखरच फार फरक पडत नसला तर माझा गुन्हाही लहान, असा माझा हिशेब होता. एक दिवस मी शेडमधल्या कॉम्प्रेसरला दोन पितळी नोझलं आळीपाळीने लावली. दोघांचा गळा सारखा, एक तिथेच संपणारं आणि एकाला पुढे शंकू. हवेचा झोत खाली इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर सोडला. काटा स्थिर राहिना. एकदा शंकूवाल्याचा आकडा जास्त आला, एकदा कमी आला. टाकीतला दाब उतरत होता की माझा हात हलत होता, देव जाणे. दुपारभर खटपट करून मी ज्या गोंधळात होतो त्याच गोंधळात राहिलो, वर कॉम्प्रेसर तापला.

शेवटी बायकोने विचारलं. ती जेऊरची. माझ्या जेवणावरून तिला माझी तब्येत कळते आणि गप्प बसण्यावरून बाकीचं. मी भाकरी मोडत तिला सगळं सांगितलं, बाण, चॅम्फर, रिपोर्ट.

"मग सांगा की तिला," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"मला आत्ता सांगितलं त्येच."

"ती काय म्हणंल?"

"म्हणंल त्ये ऐकून घ्यायचं. तुमाला कुणाचं ऐकून घ्यायचंच नसतंय, सगळी भानगड हितंच हाय." मग जरा थांबून म्हणाली, "आन् भाजी घ्या. उपाशी राहून काय नोझल मोठं होनार हाय?"

मी मोबाईलवर मेसेज लिहिला. "तुझ्या ड्रॉइंगमध्ये चूक नव्हती" एवढं लिहून पुसलं. "माझ्याकडून एक लहानशी" लिहून तेही पुसलं. लहानशी हा शब्द आधी आपोआप आला होता, आणि तो बघून मला स्वतःचीच शिसारी आली. मी काहीच पाठवलं नाही.

मग एक दिवस दुपारी ती तेच नोझल घेऊन आली. गळ्याशी काजळी धरलेली होती, बाकी ते धड होतं.

"सर म्हणाले मधोमध उभं कापून आणा. पुढच्या बॅचला दाखवायला ठेवतील. शंकूचा हिशेब कसा चुकतो ते." ती हसल्यासारखं करत होती. "मलापण बघायचंय काका. आत वायूने भिंत कुठं सोडली, त्याचा डाग असंल."

मी ते घेतलं. फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये हलक्या हाताने आवळलं. हॅक्सॉ उचलला आणि कडेवर ठेवून एकदा ओढला. बाहेरच्या अंगावर काळा ओरखडा उठला.

मी दुसऱ्यांदा ओढला नाही. हे सांगताना मला कुठलंही श्रेय घ्यायचं नाही, कारण त्या क्षणी माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम होत्या. एक अशी, की हे कापलं तर नोझल कायमचं गेलं. आत अजून माल आहे, ते दुरुस्त होऊ शकतं आणि दुसरा दांडा नाही. दुसरी अशी, की कापल्यावर दोन फाका तिच्या हातात येतील, ती कोनमापक लावेल आणि साडेसात वाचेल. मी तिच्यासाठी थांबलो की सापडू नये म्हणून आधीच बोललो? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं दोन्ही. कधी वाटतं फक्त दुसरं.

"हे कापायचं नाही," मी म्हणालो. "हिशेब तुझा चुकला नाही. कोन मी चुकवला."

तिला आधी कळलंच नाही. "कुठला कोन?"

"आतला. तू पंधरा लिहिलंस, मी त्याचं निम्मं केलं. साडेसातवर कापलं. तोंडाची कड मारली ती तुटू नये म्हणून नाही. माप सव्वीस यावं म्हणून मारली."

 भिंतीवर टांगलेला कोनमापक तिने स्वतः काढला, व्हाइसमधून नोझल सोडवलं आणि खिडकीपाशी जाऊन आत लावून बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग पाठमोरीच विचारलं, "मग माझं गणित?"

"बरोबर असंल. मला ते समजत नाही. पण तू काढलास तो शंकू इथे नाहीच. तपासलं गेलं ते भलतंच."

"तुमाला कवा कळलं?"

"बनवलं त्याच दिवशी."

"म्हंजे चाचणीच्या दिवशी ठाऊक होतं?"

"होतं."

"सरांनी विचारलं तवा?"

"होतं."

ती वळली. "मी तुमची माफी मागितली."

"हो."

"तवा पण ठाऊक होतं."

मी मान हलवली. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, निघून जाईल. यातलं काहीही झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती स्टुलावर बसली, तिने वही उघडली, आणि आठवड्यांमागून आठवडे जी पानं ती खोडत होती ती एकेक उलटून बघायला लागली. शेवटी वही मिटून म्हणाली, "दुरुस्त होतं का?"

"होतं. पण गळ्याला टूल लागलं तर संपलं."

"लावा मशीनला."

नोझल चकमध्ये धरून मी डायल लावून ते बरोबर मध्यावर आणलं. पट्टीला हात लावणार तेवढ्यात ती म्हणाली, "कोन मी लावते." तिने पट्टी पंधरावर आणली, कोनमापकाने तपासली, पुन्हा तपासली. मग मी चाक फिरवलं. काळी भुकटी तिच्या ओढणीवर बसत होती तरी ती हलली नाही. गळ्यापासून केसभर अलीकडे कट थांबवायचा होता आणि मी पुन्हा पुन्हा चाक सोडून आत डोकावत होतो. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. तिला ते दिसलं असणार. ती एवढंच म्हणाली, "सावकाश. घाई न्हाय."

काम झाल्यावर तिने शंकू तीन ठिकाणी मोजला आणि आकडे स्वतः लिहिले. नवा रिपोर्ट तिच्या अक्षरात झाला. मग तो माझ्यापुढे सरकवला.

"खाली लिहा, पहिल्या रिपोर्टमध्ये कोन खोटा भरला होता."

मी लिहिलं आणि सही केली.

"उद्या तुम्ही कॉलेजला यायचं," ती म्हणाली. पुस्तकी मराठीत, आणि काका न म्हणता. "सरांना मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

मी गेलो. सरांच्या केबिनमध्ये उभ्यानेच सांगितलं. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला, नोझल उजेडाकडे धरून आत बघितलं आणि म्हणाले, "मीही तोंड मोजून थांबलो. आत बघायला हवं होतं." ते मला चांगलं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्यांच्या त्या वाक्याने माझ्या चुकीचा एक तुकडा त्यांनी उचलला आणि मला तो परत मागावासा वाटला. राखून ठेवलेली इंधनाची एक कांडी होती. बरीच चर्चा होऊन ती वापरायची परवानगी मिळाली.

दुसऱ्या चाचणीला मी भिंतीच्या आड एका टोकाला उभा राहिलो. तीन सेकंद तोच आवाज. आलेख आला तेव्हा सगळे लॅपटॉपवर वाकले. रेटा अठ्ठ्याण्णव, पुरे शंभर नाही. तिने लगेच कारण सांगितलं: पहिल्या चाचणीत गरम वायूने गळा किंचित झिजला होता, म्हणून दाब थोडा कमी आला. या वेळी सरांनी तिचं गणित तिच्यासमोर बसून तपासलं. मग म्हणाले, "हेच नोझल जाणार." पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिने वाजवल्या नाहीत, ती आलेख सेव्ह करत होती.

मी निघणार होतो, पण सरांनी थांबवलं. "मुलांना दाखवा ना, लेथवर कोन कसा लावतात. निम्मा आणि पूर्ण कोन यातला घोळ. यांच्यातल्या कोणालाच हे माहीत नाही."

आठ-दहा मुलंमुली वर्तुळ करून उभी राहिली. ती एका बाजूला वही घेऊन होती. मी जमिनीवर काडीने मध्यरेषा काढली, दोन्ही भिंती काढल्या आणि सांगितलं की आमच्याकडे कागदावर पूर्ण कोन असतो, म्हणून हात निम्मं करतो. या कागदावर आधीच निम्मा होता, मी बाण बघितला नाही आणि निम्म्याचं निम्मं झालं. इथपर्यंत माझा आवाज नीट होता. धंद्यातली चूक सांगणं सोपं असतं.

मग चष्मा लावलेल्या एका मुलीने विचारलं, "पण तोंड अठरा आलं तेव्हाच कळलं असेल ना? मग चॅम्फर का मारला?"

कोणी हसलं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सरांकडे बघितलं. ते नोझल बघण्यात गुंतले होते, किंवा तसं दाखवत होते. मग मी वही घेतलेल्या मुलीकडे बघितलं. तिने डोळे वळवले नाहीत आणि मला मदतही केली नाही.

"लपवायला," मी म्हणालो. "चूक कळली होती. दिसू नये म्हणून मारला."

काडी माझ्या हातातच होती. आता ही मुलं काय विचारतील, आणि मला उत्तर येईल का, ते मला कळत नव्हतं.  तिने वहीत काहीतरी लिहिलं, ओळ पुरी केली आणि मान वर केली.

"पुढं सांगा," ती म्हणाली.